एकवीस गिअर, त्यातले कामाचे किती?

आपल्याकडे गिअरची सायकल खपते ती आकड्यावर. फ्रेमवर ‘२१ स्पीड’ असं ठळक लिहिलेलं असतं. शेजारी ‘२४ स्पीड’ उभी असते, ती थोडी महाग. आणि दुकानाच्या आतल्या बाजूला, हात लावायला जीव घाबरेल अशा किमतीची जी सायकल टांगलेली असते तिला गिअर असतात बारा, कधी दहा, कधी नऊच. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडतं. पैसे जास्त आणि गिअर कमी, हा कुठला हिशेब? ‘ती प्रोफेशनल लोकांची आहे’ एवढं सांगून दुकानदार मोकळा होतो.

हिशेब आहे, आणि तो फार अवघडही नाही. माउंटन बाइकच्या गिअरची पन्नासेक वर्षं पाहिली तर सुरुवातीचा काळ भर घालण्यात गेला आणि नंतरचा नको ते काढून टाकण्यात. आपल्या बाजारात मात्र अजून भर घालण्याच्या काळातला आकडाच विकला जातोय.

आधी मुळातली गोष्ट. पायडलाच्या क्रँकला एक दातेरी चकती, मागच्या चाकाला एक दातेरी चकती, आणि दोन्हींवरून फिरणारी एक चेन. पुढे ३२ दाते आणि मागे १६ असतील तर पायडलाच्या एका फेऱ्यात चाक दोन फेरे घेतं. मागेही ३२ असतील तर एकच. पुढचे दाते भागिले मागचे दाते, झालं गुणोत्तर. २९ इंची माउंटन बाइकच्या चाकाचा घेर टायरसकट साधारण २.३ मीटर भरतो. पुढे ३२ आणि मागे ५१ दाते, हा आजच्या बारा गिअरच्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर. गुणोत्तर ०.६३. म्हणजे एका पायडलात सायकल १.४४ मीटर सरकते. मागे चेन १० दात्यांवर नेली की तीच सायकल एका पायडलात ७.३६ मीटर जाते. आणि आपली जुनी काळी सायकल? पुढे ४४ आणि मागे १८ दाते, आणि चाकाचा घेर थोडा कमी धरला तर साधारण ५.४ मीटर.

आता हे चढावर नेऊन बघा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो, रस्ता दहा मीटरला एक मीटर चढणारा. असा चढ आपल्या घाटांच्या वळणांवर हमखास लागतो. मागे खेचणारं वजन साडेआठ किलो. क्रँकची लांबी १७५ मिलिमीटर असेल तर पाय एका फेऱ्यात १.१ मीटरचं वर्तुळ फिरतो. काळ्या सायकलवर या चढाला पायडलावर सरासरी ४२ किलोंचा जोर लावावा लागेल, हलक्या गिअरवर ११ किलोंचा. टायरचं घर्षण यात धरलेलं नाही. शिवाय पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असतं तेव्हा पायाचा जोर जवळजवळ फुकट जातो, त्यामुळे मधल्या टप्प्यात सरासरीच्या दीडपटीहून जास्त जोर लागतो. ४२ च्या दीडपट म्हणजे ६३ किलो, दर पावलाला. माणूस सीटवरून उठतो, हँडल ओढतो, आणि शंभर-दोनशे मीटरांवर उतरून सायकल ढकलायला लागतो, ते यामुळे.

गिअर ताकद देत नाही. एक किलोमीटर चढायला काळ्या सायकलला १८५ फेरे लागतात, हलक्या गिअरला जवळपास ७००. काम तेवढंच, फक्त ते झेपेल अशा तुकड्यांत वाटून मिळतं. मिनिटाला ६० फेरे मारले तर हलक्या गिअरवर वेग ताशी पाच किलोमीटरच्या थोडा वर आणि खर्च होणारी शक्ती १२० वॉटच्या आसपास. नियमित सायकल चालवणाऱ्या साध्या माणसाला हे तासभर जमतं. यापेक्षा हलका गिअर बनवणं अवघड नाही, पण वेग आणखी पडला की दगडगोट्यांच्या वाटेवर तोल राहत नाही आणि शेजारून चालणारा पुढे निघून जातो. म्हणून खालची मर्यादा यंत्राने घातलेली नाही, तोलाने घातलेली आहे.

गंमत अशी की माउंटन बाइकचा जन्म चढण्यासाठी झालाच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या मरीन काउंटीत, माउंट टॅमलपायसच्या परिसरात, सत्तरच्या दशकात काही पोरं जुन्या श्विन कंपनीच्या जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून डोंगरउतारावरून सोडायची. सायकली वजनदार, गिअर एकच. वर जायचं ते बहुतेक वेळा ट्रकमध्ये सायकली टाकून. ऑक्टोबर १९७६ मध्ये तिथल्या एका मातीच्या वाटेवर शर्यती सुरू झाल्या. सुमारे तीन किलोमीटरांत ४०० मीटर खाली उतरणारी ती वाट. पायडल उलटं दाबून लागणारा मागचा ब्रेक इतका तापायचा की चाकाच्या मध्यातल्या हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर फेरीनंतर नवं भरावं लागायचं. त्यावरून वाटेचं नावच रीपॅक पडलं. गॅरी फिशर, चार्ली केली, जो ब्रीझ, टॉम रिची ही नंतर गाजलेली नावं त्याच गोतावळ्यातली.

गिअर तिथे आले ते बाहेरून. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅलीतल्या सायक्लोक्रॉसच्या शर्यतीला कूपर्टिनोच्या मॉरो डर्ट क्लबची काही मंडळी आली. त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना डिरेलर होते, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर ढकलणारी यंत्रणा. पाहणाऱ्यांच्या डोक्यात दिवा लागला. त्यानंतर फिशरने आपल्या धुडाला गिअर बसवले, आणि डोंगर सायकलवरूनच चढून सायकलवरूनच उतरायची सोय झाली. सुटे भाग कुठून कुठून जमवले होते पाहा: लहान चकत्यांचे क्रँक फ्रान्सच्या टीए कंपनीचे, लांब पल्ल्याच्या सहलींसाठी बनवलेले, डिरेलर जपानच्या सनटूरचे, ब्रेकचे दांडे मोटारसायकलचे. फ्रान्समध्ये डोंगरी रस्त्यांवर सहलीला निघणाऱ्यांनी गिअरचा पुरस्कार विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच केला होता. ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा सेंत-एतियेनचा पॉल द व्हिव्ही हा त्यांचा म्होरक्या. शर्यतवाल्यांना मात्र तो कमीपणा वाटे. तूर द फ्रान्समध्ये डिरेलरला परवानगी मिळाली ती थेट १९३७ साली. तोपर्यंत स्पर्धक चढाच्या पायथ्याशी उतरून मागचं चाक काढायचे, उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चकतीवर चेन चढवून पुढे निघायचे. मर्दुमकीच्या कल्पनांपायी लोक किती घाम गाळतात!

१९८१ साली स्पेशलाइज्ड कंपनीने जपानमध्ये बनवून घेतलेली स्टंपजंपर बाजारात आणली. मोठ्या प्रमाणावर विकली गेलेली ही पहिली माउंटन बाइक, किंमत ७५० डॉलर. तिला पुढे तीन चकत्या आणि मागे पाच, गिअर पंधरा. तीन चकत्या का, याचं उत्तर त्या काळच्या मागच्या डिरेलरमध्ये आहे. मागे फार मोठी चकती लावली तर डिरेलर तिथपर्यंत पोहोचायचा नाही, आणि चकत्याही पाच-सहाच मावायच्या. मग चढाला लागणारा हलका गिअर आणायचा कुठून? पुढून. अगदी लहान एक चकती क्रँकला लावायची, उताराला मोठी एक, मधल्या रस्त्याला मधली. त्या दिवसांत हे शहाणपणच होतं. पुढे मागच्या चकत्या सहा, सात, आठ, नऊ होत गेल्या आणि पुढच्या तीन जागच्या जागी राहिल्या. १५ चे १८, १८ चे २१, मग २४, मग २७. जाहिरातीला आयता आकडा मिळाला.

त्या आकड्याचं खरं रूप आपल्याकडच्या ‘२१ स्पीड’वर कागद-पेन्सिलीने तपासता येतं. या सायकलींवर सर्रास सापडणारी जोडी घेऊ: पुढे ४२, ३४ आणि २४ दाते, मागे १४, १६, १८, २०, २२, २४ आणि २८. मोठी चकती आणि मागची २८ ची, गुणोत्तर १.५. लहान चकती आणि मागची १६ ची, तेही बरोबर १.५. मधली चकती आणि २२ ची, १.५५. तीन वेगवेगळे ‘गिअर’, पायाला फरक शून्य. तसंच ४२ ला २४, ३४ ला २० आणि २४ ला १४: अनुक्रमे १.७५, १.७० आणि १.७१. ४२ ला २० आणि ३४ ला १६ घ्या, २.१० आणि २.१३. असे जवळजवळ सारखे गिअर एकत्र बांधले तर एकवीसपैकी खरोखर वेगळे उरतात तेरा. ते तेरासुद्धा ओळीने वापरायचे तर दर दोन-तीन पायऱ्यांनी दोन्ही हातांचे दांडे एकदम हलवावे लागतात. असा सायकलस्वार मी अजून पाहिलेला नाही. लोक मधल्या चकतीवर चेन ठेवतात, मागचे चार-पाच गिअर वापरतात, चढ आला की लहान चकती लावतात आणि मोठ्या चकतीकडे ढुंकून बघत नाहीत.

गिअरसंच जोखायचा असेल तर संख्या बाजूला ठेवून दोन गोष्टी बघाव्यात. एक पट्टा: सगळ्यात जड गिअर सगळ्यात हलक्याच्या किती पट आहे. दुसरी पायरी: एका गिअरवरून दुसऱ्यावर जाताना पायाला किती टक्के फरक जाणवतो. वरच्या २१ गिअरच्या सायकलचा पट्टा ०.८६ ते ३.०, म्हणजे साडेतीन पट. आता दुसरी एक सायकल घ्या: पुढे एकच ३२ ची चकती आणि मागे ११ पासून ४६ पर्यंतच्या नऊ. पट्टा ०.७० ते २.९१, म्हणजे ४.१८ पट. नऊ गिअरची सायकल एकवीस गिअरच्या सायकलपेक्षा बरीच हलकी चढते आणि सपाटीवर जेमतेम तीन टक्के मागे राहते. काही २१ गिअरच्या सायकलींना मागे २८ ऐवजी ३४ ची चकती देतात. तिने पट्टा वाढतो हे खरं, पण २४ वरून एकदम ३४ वर उडी पडते. चाळीस टक्क्यांची पायरी. चढावर तो गिअर लागला की पाय क्षणभर हवेत फिरल्यासारखे मोकळे फिरतात आणि वेग जातो.

पण मग पुढच्या चकत्या इतकी वर्षं टिकल्या का, आणि गेल्या कशा? इथे डिरेलर कसा चालतो ते जरा जवळून पाहायला हवं.

सायकल स्टँडवर लावा, पायडल हाताने फिरवा आणि चेनकडे बघा. वरचा पदर ताणलेला असतो, कारण पायाचा सगळा जोर त्याच्यातूनच मागच्या चाकाकडे जातो. खालचा पदर ढिला असतो. त्याचा ढिलेपणा डिरेलरच्या खालच्या पिंजऱ्यातली दोन छोटी चाकं स्प्रिंगच्या जोरावर ओढून धरतात. मागचा डिरेलर चेनला धरतो ती या ढिल्या पदराला, कॅसेटवर, म्हणजे मागच्या चकत्यांच्या जुडग्यावर, चढण्याच्या अगदी अलीकडे. ढिली चेन बाजूला सरकवायला जोर लागत नाही. पुढचा डिरेलर मात्र वरच्या, ताणलेल्या पदराला आडवा धक्का मारतो. सपाटीवर हे खपून जातं. चढावर, जिथे लहान चकतीची सगळ्यात जास्त गरज, तिथेच चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. ती एक तर हलत नाही किंवा एकदम आतल्या बाजूला पडते. पुढची यंत्रणा नेमकी नडीला दगा देते हा दोष तिच्या जागेतच आहे. चांगल्या पोलादाने आणि महागड्या दांड्यांनी तो कमी झाला, गेला नाही.

मागच्या बाजूला मात्र एकामागून एक सुधारणा होत गेल्या, आणि त्यांची कथा बरीचशी जपानची आहे. मागचा डिरेलर म्हणजे बिजागऱ्यांचा एक समांतरभुज चौकोन. वायर ओढली की तो एका बाजूला झुकतो, सोडली की स्प्रिंग त्याला परत आणते. सनटूरने १९६४ मध्ये हा चौकोन तिरका बसवला. कॅसेटच्या चकत्या लहानाकडून मोठ्याकडे उतरंडीने वाढतात; तिरक्या चौकोनामुळे डिरेलरचं वरचं चाक त्या उतरंडीला समांतर सरकतं, प्रत्येक चकतीपासून सारख्याच अंतरावर राहतं. गिअर लागण्याचा नेमकेपणा यातून आला. सनटूरचं पेटंट १९८४ च्या सुमारास संपलं, आणि साकाई शहरातल्या शिमानोने त्याच वर्षी तिरकी रचना आणि टप्प्याटप्प्याने ‘खट्’ करून थांबणारा दांडा एकत्र आणून आपल्या रस्त्यावरच्या शर्यतींच्या संचात घातला. १९२१ साली फ्रीव्हील बनवण्यापासून सुरुवात केलेली ही कंपनी. त्यापूर्वी दांडा नुसता घर्षणावर चालायचा. किती ओढायचा ते कानाने आणि सवयीने ठरवायचं. खट् म्हटलं की एक गिअर, ही सोय १९८७ मध्ये माउंटन बाइकच्या डिओर एक्सटी संचावर आली. त्याच्या पाच वर्षं आधी, १९८२ मध्ये, खास डोंगरासाठी बनवलेला पहिला पूर्ण संच म्हणून हाच एक्सटी बाजारात आला होता. सनटूर मात्र या धक्क्यातून सावरली नाही. पेटंटाचे दिवस मोजत बसलेल्या प्रतिस्पर्ध्याकडून मार खाणारी ती काही पहिली कंपनी नव्हे.

माझ्या मते सगळ्यात हुशार सुधारणा दिसायला सगळ्यात क्षुल्लक आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शिमानोने हायपरग्लाइड नावाची कॅसेट आणली. कॅसेट हातात घेऊन उजेडात फिरवली तर दिसतं की दाते एकसारखे नाहीत. काही कापलेले, काही मुरडलेले, आणि मोठ्या चकत्यांच्या अंगावर बाजूने तिरक्या खाचा काढलेल्या. गिअर बदलताना चेन लहान चकतीवरून उचलली जाते ती कुठेही नाही, ठरलेल्या खाचेपाशीच. एक कडी खाचेवर टेकते, पुढची मोठ्या चकतीच्या दात्यात बसते, आणि थोडा वेळ चेन दोन्ही चकत्यांवर एकाच वेळी धरलेली असते. त्यामुळे पाय न थांबवता, अगदी चढावरही, गिअर बदलता येऊ लागला. तरी पूर्ण जोर लावून बदलू नये. बदलायच्या अर्ध्या फेऱ्यापुरता पाय हलका करायचा, आणि चढ सुरू होण्याआधी गिअर उतरवायचा, चढावर अडकल्यावर नाही. नव्या माणसाला सायकल देताना शिकवायचं असेल तर एवढंच शिकवावं.

मागची बाजू अशी सुधारत गेली की पुढच्या तीन चकत्यांचं कारणच उरलं नाही. आधी दोन राहिल्या, मग २०१२ मध्ये स्रॅम या अमेरिकी कंपनीने एक्सएक्स१ आणला: पुढे एक चकती, मागे अकरा, १० पासून ४२ दात्यांपर्यंत. १० दात्यांची चकती जुन्या हबवर बसतच नव्हती, तिथे ११ हीच सीमा होती. म्हणून हबचा तो भागच नव्याने बनवावा लागला. दुसरी अडचण जास्त जुनी. पुढचा डिरेलर चेन ढकलायला असतो तसाच तिला जागेवर ठेवायलाही असतो. तो काढला की दगडांवर आदळताना चेन पडणार. तोडगा सापडला चेनच्या घडणीत. चेनमध्ये एक कडी अरुंद, एक रुंद, अशी ओळ असते. पुढच्या चकतीचे दातेही एक जाड, एक बारीक असे केले, जाड दाता रुंद कडीत घट्ट बसतो आणि चेन बाजूला सरकत नाही. म्हणून या चकत्यांचे दाते नेहमी सम असतात: २८, ३०, ३२, ३४. विषम केले तर एका फेऱ्यात जोडी उलटी पडेल. त्याच सुमारास मागच्या डिरेलरच्या सांध्यात क्लच आला, पिंजरा पुढे हिसकू नये म्हणून, आणि फ्रेमवर चेन आपटण्याचा तो खडखडाट जवळजवळ बंद झाला.

पुढचा डिरेलर जाण्यामागे आणखी एक कारण आहे, ज्याचा गिअरशी संबंधच नाही. उतारावर सीट झटकन खाली करायची सोय आली, आणि तिच्या बटणाला हँडलवर जागा हवी होती. डाव्या अंगठ्याखालची जागा रिकामी झाली ती तिने पटकावली. जाड टायर आणि मागच्या सस्पेन्शनचे सांधे यांनाही क्रँकजवळची ती जागा हवीच होती. २०१६ मध्ये स्रॅमने मागे बारा चकत्या करून पट्टा १० ते ५० वर नेला, दोन वर्षांनी शिमानोने १० ते ५१. पाच पटींच्या वर. जुन्या ४२-३२-२२ आणि ११-३२ च्या चोवीस गिअरांचा पट्टा साडेपाच पट होता. म्हणजे एका दांड्यावर जवळपास तेवढंच मिळालं, आणि तेही क्रमाने, एकाही दुबार गिअरशिवाय.

फुकट काहीच मिळालेलं नाही, हे विक्रेते सांगत नाहीत. पायऱ्या मोठ्या झाल्या: १० वरून १२ म्हणजे वीस टक्के, १२ वरून १४ म्हणजे सतरा. लांब सपाट रस्त्यावर एका लयीत चालवणाऱ्याला हे टोचतं. डोंगरात चढ-उतार इतके झटपट बदलतात की तिथे मोठी पायरीच बरी वाटते. चकत्या वाढल्या तशी चेन बारीक होत गेली. कड्यांमधलं अंतर तेच, अर्धा इंच, पण रुंदी आठ गिअरच्या चेनला सात मिलिमीटरच्या थोडी वर तर बारा गिअरच्या चेनला सव्वापाच. बारीक चेनच्या संचाची वायर जरा जरी ढिली झाली तरी गिअर चुकतो. डिरेलर ज्या मऊ धातूच्या हँगरवर लटकतो तो सायकल उजव्या कुशीवर पडली की वाकतो, मऊ ठेवलेलाच असतो, फ्रेम वाचावी म्हणून. पण बारा गिअरच्या संचाला एखाद-दोन मिलिमीटरचा वाकसुद्धा सोसत नाही. सात-आठ गिअरचा संच तेवढ्याकडे दुर्लक्ष करून चालत राहतो. लहान चकत्यांवर चेनच्या कड्यांना जास्त वळावं लागतं आणि शक्ती वाया जाते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले जेम्स स्पायसर यांनी १९९९ च्या सुमारास केलेल्या मोजमापात चकत्या मोठ्या आणि चेन नीट ताणलेली असताना कार्यक्षमता ९८.६ टक्क्यांपर्यंत गेली होती, उलट परिस्थितीत ८१ च्या आसपास आली होती. आणि किंमत. वरच्या श्रेणीतल्या एका कॅसेटच्या पैशांत आपल्याकडे २१ गिअरची अख्खी सायकल घरी येते.

डिरेलर उघड्यावर लटकणारी, चिखलात माखणारी, दगडाला आपटणारी यंत्रणा आहे, मग तिला पर्याय नाही का? आहे. जर्मनीच्या रोलॉफने १९९८ मध्ये मागच्या हबच्या पोटात चौदा गिअर बसवले. पट्टा ५२६ टक्के, प्रत्येक पायरी सारखी, १३.६ टक्क्यांची, आणि सायकल उभी असतानाही गिअर बदलतो. पोर्शेत काम केलेल्या दोन अभियंत्यांची पिनियन कंपनी क्रँकजवळच पेटी बसवते, तिच्यात अठरापर्यंत गिअर. दोन्ही वजनदार, दोन्ही महाग, आणि आतल्या दातेरी चाकांच्या घर्षणात थोडी शक्ती जाते. जगप्रवासाला निघणारे त्यांची शपथ घेतात. शर्यतवाले फिरकत नाहीत. बिनवायरचे, बॅटरीवर चालणारे डिरेलरही आता रुळले आहेत. २०२३ मध्ये स्रॅमने हँगरच काढून डिरेलर थेट फ्रेमला, मागच्या आसापाशी जखडला, ही त्यातल्या त्यात मोठी बाब. बाकी बॅटरीने दांडा दाबायचे कष्ट वाचतात, गुणोत्तरं तीच राहतात.

मग पुण्याच्या वेताळ टेकडीवर, नाशिक-कोल्हापूरकडच्या मातीच्या वाटांवर किंवा कोकणातल्या लाल चिखलात चालवणाऱ्याने काय घ्यावं? बारा गिअर हवेतच असं नाही. पुढे एक चकती आणि मागे ४२-४६ पर्यंत जाणारे आठ किंवा नऊ गिअर असलेले संच आता मध्यम किमतीत येतात. त्यांची चेन जाड, म्हणून टिकाऊ. स्वस्त, म्हणून वेळेवर बदलायला जिवावर येत नाही. चेन झिजली की लांबते आणि तिच्याबरोबर कॅसेटचे दाते खाते. बारा इंचांच्या पट्टीवर चोवीस कड्या बरोबर मावायला हव्यात. एक-सोळांश इंच जास्त भरलं की चेन गेली समजा. पावसाळ्यात चिखलातून आणलेली सायकल पुसून, चेन सुकवून, थोडं तेल लावून ठेवली नाही तर ही वेळ लवकर येते.

एकवीस गिअरवालीच घ्यायची असेल तर मागचं चाक काढून बघायला सांगा. स्वस्त सायकलींना कॅसेट नसते, हबवर आटे फिरवून बसवलेलं फ्रीव्हील असतं. त्यात उजवीकडचं बेअरिंग हबच्या आत राहतं आणि आसाचा बराच तुकडा आधाराविना बाहेर उरतो. सात गिअरच्या फ्रीव्हीलने तो तुकडा आणखी लांबतो, आणि खड्ड्यांच्या रस्त्यांवर वजनदार माणसाचा आस तिथेच वाकतो किंवा तुटतो. शिमानोने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या फ्रीहबने बेअरिंग बाहेरच्या टोकाला नेऊन हा प्रश्न मिटवला; इतक्या वर्षांनंतरही तो खालच्या किमतीत आलेला नाही, कारण फ्रेमवरच्या स्टिकरवर त्याचा आकडा लिहिता येत नाही.

एक चकतीची सायकल घेणाऱ्याला शेवटची निवड करायची असते ती पुढच्या चकतीची. कंपन्या बहुधा ३२ ची देतात. मागे ११-४६ असेल आणि वाटा सह्याद्रीतल्या असतील तर ३० ची घ्यावी. हलका गिअर ०.७० वरून ०.६५ वर येतो, शेवटच्या खड्या वळणावर तो फरक कळतो. मिनिटाला ९० फेऱ्यांवर सर्वाधिक वेग ताशी ३६ वरून ३४ किलोमीटरवर उतरतो, आणि मातीच्या उतारावर त्या वेगाला पायडल मारायला कोणी धजत नाही. मात्र ही बदली करता येण्यासाठी चकती क्रँकला बोल्टांनी बसवलेली हवी. कमी किमतीच्या सायकलींवर ती रिव्हेटांनी ठोकलेली असते; मग दोन दाते कमी करायला अख्खा क्रँक बदलावा लागतो.